साहेब आपलेच आहेत

एकतीस वर्षं मी डोंबिवलीतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मूलभूत हक्क मला तोंडपाठ, आणि जिभेला तर मुळातच लगाम नाही. रिक्षावाल्याशी वाद असो की सोसायटीची सभा, मी आपली पुढे. म्हणून माझ्याकडे बारा वर्षं धुणंभांडी करणारी बाई त्या सकाळी रडत आली, ती माझ्याकडेच.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या पाटल्या सापडत नव्हत्या. त्यांनी तक्रार केलेली आणि हिला पोलीस ठाण्यावर बोलावलेलं. आमच्या इमारतीत हिची सहा घरं. नाव खराब झालं की सहाही गेली, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मी तिला समोर बसवून समजावलं. स्वतःविरुद्ध काही बोलायची, लिहून द्यायची जबरदस्ती कुणावरच करता येत नाही, घटनेतच आहे तसं. वाचून दाखवल्याशिवाय कशावर सही करायची नाही. तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी बरोबर येते म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आला.

ठाण्यावर साहेब मला बघून उठले आणि चक्क वाकून पाया पडले. माझा विद्यार्थी निघाला. मला खुर्ची दिली, चहा मागवला, हवालदारांना सांगितलं की या बाईंच्या छड्या खाऊन मी इथवर पोचलो. मी अशी हुरळले की विचारू नका. ती भिंतीशी उभी होती. तिला बसायला सांगावं, हे ना त्याला सुचलं ना मला.

मग त्याने आधीच लिहून ठेवलेला कागद तिच्यापुढे सरकवला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "आधी वाचून दाखवा. माझ्याविरुद्ध असेल तर मी सही करणार नाही. घटनेत आहे तसं. ताईंनी सांगितलंय."

तो चिडला नाही. नुसता माझ्याकडे वळला. "काय बाई, तुम्ही असं सांगितलंत हिला?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या जणांसमोर मिळालेला मान जाईल, या भीतीने मी शेपूट घातलं. वर हसून म्हणाले, "कर गं सही. साहेब आपलेच आहेत."

तिने केली. पाटल्या गेल्या त्या दिवशी काकूंच्या खोलीत ती एकटीच होती आणि कपाट उघडं होतं, असं त्यात होतं. काकूंनी ते संध्याकाळपर्यंत मजल्या-मजल्यावर पोचवलं. पाच घरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. सहावं माझं. तिथे ती स्वतःहून आली नाही.

दोन आठवड्यांनी पाटल्या काकूंच्याच तांदळाच्या डब्यात सापडल्या. गणपतीला गावी जाताना त्यांनीच दडवल्या होत्या आणि विसरल्या होत्या. मग पाचही घरांनी तिला परत बोलावलं, पण ती फिरकली नाही. शेवटी मीच तिच्या चाळीत गेले. लाज वाटत होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माफीचं काही पुटपुटत होते, तर तिने मला थांबवलं.

"एकच सांगा ताई. ते घटनेतलं खरं होतं का?"

"खरं होतं," मी म्हणाले.

"मी आपली समजत होते, तुम्हाला नक्की माहीत नसेल," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं रिकामं भांडं घेऊन आत गेली.