वाळवी न लागणारी माती

कंपनीचा साहेब घरात आला आणि त्याने आधी पेपर अंथरला. मी सकाळीच सारवलेल्या जमिनीवर. त्या पेपरावर बुटांसकट उभा राहिला आणि ग्रामसेवकाला म्हणाला, "या लोकांना माती खायची सवयच असते. पोरं काय, मोठी काय."

मी समोरच होते. कडेवर मुलगी. सात वर्षांची आहे, पण तिचे पाय तिला पेलत नाहीत.

रोहा आणि कोलाडच्या मध्ये आमची कातकरवाडी. वाडीखाली कंपनी होती, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची. ती बंद पडली. साहेबलोक गेले, वितळून उरलेल्या काळ्या कचऱ्याचा ढीग मागे ठेवून गेले. त्या ढिगाखालच्या मातीत गवत उगवत नव्हतं. मुंगीसुद्धा फिरकत नव्हती.

आमची घरं कारवीच्या कुडाची. कुडाला वाळवी लागते, दर दोन-तीन वर्षांनी भिंत नवी करावी लागते. ही माती दिसली आणि आम्हाला वाटलं, देव पावला. वाळवी न लागणारी माती, आणि फुकट! सगळ्या वाडीने पाट्या भरभरून नेली, घरांची जोती भरली. सगळ्यात शहाणी मी. पोटुशी होते तरी दिवसभर वाहत होते. तेव्हाचा कूड अजून उभा आहे.

मुलगी रांगायला लागली, जमिनीवरची बोटं चाटायला लागली. सगळीच पोरं चाटतात. साहेबाचीही चाटत असतील, त्यांच्या फरशीवर. शाळेत घातली तर बाईंनी दोन महिन्यांत परत पाठवली. म्हणाल्या, "तुमच्यात डोकं कमीच असतं." आणि मला ते खरं वाटलं. त्या साहेबाचा नाही येत, एवढा राग मला याचा येतो.

मग मुंबईच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाला, रक्तात शिसं आहे, घरातल्या मातीतलं.

"बरी व्हईल ना?"

"गेलं ते परत येत नाही. आधी ती माती सोडा."

हे सरकारात वरपर्यंत गेलं, म्हणून तर साहेब माझ्या दारात आला होता. त्याने कागद काढला. माती आम्ही आपखुशीने नेली, कंपनीचा काही संबंध नाही, असं लिहिलेलं. अंगठा दिला की कंपनी घरात सिमेंटचा कोबा घालून देणार. मी सहावी शिकले आहे. सगळं वाचलं.

"आमी नेली, व्हय. पन ती विषारी हाय ह्ये तुमाला ठावं व्हतं. त्ये कुठं लिवलंय?"

साहेब हसला. "तुला कळत नाही. बाकीच्यांनी दिलेत अंगठे."

कोपऱ्यातून सासू म्हणाली, "दे गो. पोरीच्या खाली कोबा तरी व्हईल."

खोटं कशाला सांगू, माझा हात पुढे गेला होता. पोरीसाठी. तेवढ्यात साहेबाने माझा अंगठा धरला आणि शाईवर दाबायला लागला. सही येते का, हेसुद्धा विचारलं नाही. जणू तो अंगठा त्याच्याच घरचा.

"सोड हात," मी म्हटलं आणि हात ओढून घेतला. जन्मात पहिल्यांदा कुणा साहेबाला अरे-तुरे केलं. कागद फाडला नाही. अंगठ्याची जागा कोरी ठेवून परत दिला.

आता वाडीत सगळीकडे कोबा झाला आहे, माझ्याकडे नाही. बायका पाण्यावर माझ्याशी बोलत नाहीत. मुलीला कासू गावाला माझ्या आईकडे ठेवलं. माझ्याशिवाय जेवत नाही म्हणे. मी तोंडाला फडकं बांधून जोतं उकरते, माती गोणीत भरून गोणीचं तोंड शिवते. ती माती तपासायला कोणी येईल असं वाटत नाही. मुलगी चालणार नाही, हे तर मला कळून चुकलंय.

पण माझ्या अंगठ्यावर कंपनी सुटणार नाही. हवाच असेल तर मी मेल्यावर या. तेव्हा हात ओढून घेणारं कोणी नसेल.