वाचनालयाच्या ईमेलवर आलेलं माझं पत्र

तांबेबाई काल गेल्या.

त्यांच्यामुळे मला नोकरी लागली. आणि नोकरीचे पेढे दिल्यावर मी त्यांच्याकडे पुन्हा फिरकलेही नाही.

आमच्या अंबरनाथच्या वाचनालयात बाई ग्रंथपाल होत्या. दोन हजार सालानंतर तिथे कॉम्प्युटर आला, मागोमाग इंटरनेट. बाईंची पन्नाशी उलटलेली. तरी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी सरांच्या क्लासला जाऊन शिकल्या.

"आंटी, माऊस ढीला पकडो, भागनेवाला नहीं है," असं सर म्हणायचे. हे बाईच हसत हसत सांगायच्या.

आम्ही अभ्यासिकेत बसून बँकेच्या परीक्षांची तयारी करायचो. फॉर्म ऑनलाइन झाले आणि त्यात ईमेलचा रकाना आला.

ईमेल कुणाच्या बापाकडे होता!

"मग वाचनालयाचा टाका की," बाई म्हणाल्या.

टाकला. सगळ्यांनी.

आज कुणीही कपाळावर हात मारेल. पण बाई रोज सकाळी तो इनबॉक्स उघडायच्या, ज्याचं पत्र असेल त्याची प्रिंट काढायच्या आणि त्याने सांगून ठेवलेल्या पुस्तकात घालून ठेवायच्या. पुस्तक न्यायला आलं की पत्र हातात.

मी मात्र एक परीक्षा दिल्यावर जायचीच बंद झाले होते. पप्पा आनंदनगरला कंपनीत होते, ते पाठीच्या दुखण्याने घरी बसले. मी दुकानात कामाला लागले. अभ्यास संपला असंच धरून चालले होते.

एका दुपारी बाई दारात. धापा टाकत. हातात पुस्तक.

"जयभीम बाई, बसा ना," पप्पा खाटेवरून म्हणाले.

"बसत नाही. हिचा इंटरव्ह्यू उद्या आहे, आणि पत्र चार दिवस पुस्तकात पडून आहे. मला वाटलं, येईलच ही. माझंच चुकलं हो!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नाही, मी पुस्तक उघडून पत्रावरची तारीख बघत होते.

नोकरी लागली. घर सावरलं. पेढे घेऊन गेले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाई, आता माझा स्वतःचा ईमेल आयडी आहे!"

"बरं झालं गं. पण पुस्तकं न्यायला येत जा."

"येणार म्हणजे काय!"

मग नाशिक, पुणे, लग्न, मुलं. वाचायचं ते मोबाईलवर. माहेरी यायचे, वाचनालय दहा मिनिटांवर, आणि मी "पुढच्या वेळी नक्की" म्हणत राहिले.

आज तिथल्या नव्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, रिटायर होईपर्यंत बाई रोज सकाळी तो इनबॉक्स उघडायच्या. शेवटची काही वर्षं त्यावर कुणाचंच पत्र येत नव्हतं.

"पोरांचं काही आलंय का बघते," म्हणायच्या.

तो पत्ता मला आजही पाठ आहे, बाई.

एक ओळ लिहायला मला किती वेळ लागला असता?

माफ करा. तुमच्या या पोरीचा शेवटचा नमस्कार.