चौदाव्या गणिताचं उत्तर

पेणचे गोपाळकृष्ण सर हायस्कुलातून निवृत्त झाले, तेव्हा रोह्याच्या दाजींनी त्यांना गणिताचं एक जुनं पुस्तक दिलं. दाजी धाटावच्या कंपनीत बॉयलरवर होते, पण रद्दीतून गणिताची पुस्तकं उचलायचा त्यांना भारी नाद. सरांनी घरी येताच शेवटची उत्तरांची पानं पत्नी पद्मजाबाईंकडून खळीने चिकटवून घेतली. सरांचा सरांवर विश्वास नव्हता.

तेरा गणितं सुटली. चौदावं अकरा वर्षं हटून बसलं, आणि ते सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही हा सरांचा हट्ट. गॅमा फंक्शनचा लॉग घेऊन शून्यापासून एकपर्यंत संकलन करायचं. उत्तर हवं एका ओळीत मावणारं. सर मांडत त्या मालिका वही संपली तरी संपत नसत. "फोडा ती पानं एकदाची," पद्मजाबाई म्हणायच्या. मग सर दोन दिवस त्यांच्याशी बोलत नसत.

आता दाजी उद्या कायमचे मुलाकडे नागपूरला निघणार होते. पुस्तक आज परत करायचं होतं. हरून परत करायचं हे सरांच्या अगदी जिवावर आलं होतं. त्यात पद्मजाबाईंनी सकाळीच त्यांना गणपतीची मूर्ती सांगायला जवळच्या जोहे गावी पिटाळलं. सर पुस्तक पिशवीत घालूनच निघाले.

मूर्तींच्या कारखान्यात गिरजाबाई गणपतीचे डोळे रंगवत होत्या. जोडी पुरी झाली की त्या समोर आरसा धरायच्या आणि डोळे आरशात बघायच्या.

"समोर दिसतायत की!" सर म्हणाले.

"समोरून नजर फसते, सर. उलटं बघून दोनी बाजू जुळवल्या की चूक ऱ्हात नाय."

सर जागच्या जागी थबकले. शून्याकडून पाहिलेला गॅमा आणि एकाकडून उलटा पाहिलेला गॅमा गुणले की नुसते गणितातले पाय (π) आणि साइन उरतात, हे सूत्र त्यांना तोंडपाठ होतं. तरी अकरा वर्षं ते एकाच बाजूने झटत होते! गणपती सांगायचा राहून गेला. रोह्याच्या एस.टी.त, वडखळच्या खड्ड्यांत अक्षर उड्या मारत असताना, जुन्या पावतीच्या पाठीवर उत्तर आलं: दोन पायच्या लॉगचं अर्धं. आनंदाच्या भरात सरांनी ते शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं. बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

दाजींनी पावती पाहिली आणि पडताळा घ्यायला ब्लेडने हलकेच पानं सोडवली. नऊ, अकरा, तेरा, पंधरा. पुस्तकात उत्तरं फक्त विषम गणितांची होती.

"म्हणजे मी पानं फोडली असती तरी..."

"काय नसतं गावलं!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग सरांना उद्याची आठवण झाली आणि खरंच भरून आलं. असं काही सुटलं की दाखवायला रोह्यात आता कोणी नव्हतं.

दाजींनी पेन काढून तेरा आणि पंधराच्या मधे सरांचं उत्तर बारीक अक्षरात लिहिलं. पुस्तक परत सरांच्या हातात दिलं.

"घेऊन जा. पुढची सोडवा नि नागपूरला कळवा."

आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "जरा खळ कर गो! पंधराव्याचं उत्तर हाय आत, नि सरांचा काय भरवसा नाय."