बिनगर्दीचा दिवस

अख्ख्या वऱ्हाडात रिकाम्या जागेवर माझ्या साडभाऊंइतका जीव लावणारा दुसरा माणूस दाखवा, मी नाव बदलतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार अकोला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. अकोला-अकोट रस्त्यावर ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणता म्हणता त्यांना माणसांचा असा काही वीट आला, की स्वतःच्या निरोपसमारंभालाही ते एक तास आधी गेले, हार घालून घेतला आणि पाहुणे यायच्या आत घरी परतले. लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांचं जेवण उरकलेलं असे. दिवाळीचे कपडे श्रावणातच घेऊन ठेवत. मोझरीला समाधीच्या उत्सवात अख्खा मुलूख लोटतो. साडभाऊ उत्सव संपल्यावर चौथ्या दिवशी गेले आणि मांडव सोडणाऱ्या माणसांशी गप्पा मारून आले. दर्शन कसं झालं विचारलं, तर म्हणाले, “फसकिलास! समाधी अन् मी, तिसरं कोनी नाई.” आमच्याकडे अमरावतीला यायचे तेही भर मे महिन्यात, दुपारी दोनच्या गाडीनं. उन्हानं तोंड लालबुंद झालेलं, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि दारातूनच आनंदाची बातमी: “पुरी सीट भेटली वो साडभाऊ, आडवा होऊन आलो!”

ताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, नेमक्या उलट. संक्रांतीला घर बायकांनी भरलं नाही तर हळदीकुंकू झालं असं त्या धरतच नसत, आणि साडभाऊ तो सगळा वेळ गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला काढत. अशा या बाईची आयुष्यात एकच हौस राहिली होती: वाघ बघायचा. लहानपणी अकोटकडे मामाच्या गावी डरकाळी ऐकली होती, पण बघितला कधी नव्हता. एरवी ही हौस अशीच चर्चेत राहिली असती. पण तीन वर्षांपूर्वी ताईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ती नजर जपायची, गेलेली परत येत नाही. त्या संध्याकाळी ताई साडभाऊंना म्हणाल्या, “मले बाकी काई नाई पाहाचं. एकडाव वाघ दाखवा, मंग डोये गेले तरी चालन.”

साडभाऊंनी मनावर घेतलं. मेळघाट हाकेच्या अंतरावर. दुसरा कुणीही माणूस रविवारी उठून गेला असता. पण साडभाऊंना वाघ हवा होता बिनगर्दीचा. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून लोक घराबाहेर पडणार नाहीत अशा दिवसांवर त्यांनी खुणा सुरू केल्या. अमावस्येला निळी, परीक्षांच्या दिवसांना हिरवी, क्रिकेटच्या सामन्याला लाल. पहिल्या खेपेला सफारीचं बुकिंग करून टाकलं आणि रोज संगणकावर बघत बसले. सगळ्या जिप्सी रिकाम्या! मग एके दिवशी आणखी दोन माणसांचं नाव लागलं. साडभाऊंनी आपलं बुकिंग रद्द केलं. “कावून?” ताईंनी विचारलं. “गर्दी झाली,” हे म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी संक्रांतीची कर निवडली. करीच्या दिवशी वऱ्हाडी माणूस चांगल्या कामाला घराबाहेर पाऊल टाकत नाही, हा त्यांचा बिनतोड हिशेब. भल्या पहाटे गेटवर पोचले तर खरंच चिटपाखरू नाही. साडभाऊ खुशीत ताईंना म्हणाले, “पाह्यलं? याले म्हंतात अभ्यास!” अर्ध्या तासानं एक चौकीदार दात घासत आला आणि म्हणाला, आज गेटची आठवड्याची सुट्टी. दोघं बंद गेटसमोर बसून तिळाचे लाडू खाऊन परत आले. ताई ही गोष्ट इतकं हसून सांगायच्या की आम्हीही पोट धरून हसायचो. एव्हाना त्यांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. ते आमच्या लक्षात आलं नाही असं नाही. हसण्याच्या नादात आम्ही तिकडे बघितलं नाही, एवढंच.

आणि मग फेब्रुवारीत साडभाऊंचा फोन आला. हॅलोही न म्हणता सुरू झाले. “साडभाऊ, सापडला! अमावश्या, बुधवार, बारावीचा पेपर अन् वरतून मॅच. जंगलात फक्त वाघ राहीन अन् आमी!” आता मी मेला असा, की थट्टेची संधी समोर आली तर तोंड आवरत नाही. मी म्हणालो, “अरे बाप्पा! त्याच दिवशी तर आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची बस मेळघाटला निघून राहिली. बावन्न बाया आहेत, सोबत भजनाचा लाऊडस्पीकर!” मग फोन ठेवल्याचा आवाज. मी खुर्चीत बसून एकटाच खदाखदा हसलो. त्यांना थट्टा कळली असेल असंच धरून चाललो.

त्यांनी बेत रद्द केला होता. मला आठ दिवसांनी बायकोकडून कळलं. तेव्हा एक फोन करून ‘अहो, बस नाही, बाया नाहीत, मी गंमत केली’ एवढं सांगायला काय धाड भरली होती मला? पण लाज वाटली. म्हटलं, दिवस शोधणं हाच त्यांचा उद्योग, शोधतील दुसरा. त्या उन्हाळ्यात ताईंचं डोळ्यांचं दुखणं एकदम वाढलं. दवाखान्याच्या खेपा, मग पावसाळा, गेट बंद. दिवाळीपर्यंत ताईंना समोरच्या माणसाची नुसती सावली दिसू लागली.

गेल्या मे महिन्यात ताईच म्हणाल्या, “आता तरी नेता का वो? नाई दिसला तर नाई, वास तं घेईन जंगलाचा.” साडभाऊंनी कॅलेंडर बघितलंच नाही. सुट्टीतला रविवार होता. मी आणि बायकोही सोबत गेलो. पाणवठ्यापाशी सहा जिप्सी खेटून उभ्या होत्या, आणि साडभाऊ त्या गर्दीत ताईंचा हात धरून मुकाट बसले होते. वाघ आला. सगळं चिडीचूप झालं. “आला का वो?” ताई कुजबुजल्या. साडभाऊंनी तोंड उघडलं. तीस वर्षं ओरडून एकेक थांबा सांगणारा माणूस, पण घशातून शब्द फुटेना.

शेजारच्या जिप्सीतल्या बुरख्यातल्या बाईच्या ते ध्यानात आलं. ती वाकून हळूच म्हणाली, “आपा, आ गया. बायीं तरफ से. पानी पी रहा है.” पलीकडून एक म्हातारबुवा म्हणाले, “आता बसला, माय. मांगचे पाय पान्यात टाकले.” ताईंनी चेहरा त्या दिशेला वळवला. “कान कसे हायेत?” त्यांनी विचारलं. “मांगून एकेक पांढरा ठिपका हाये.” ताई हसल्या, मान हलवत राहिल्या. वाघ उठून गेला तरी त्या तशाच बसून होत्या.

परतताना अकोटच्या एका टपरीवर चहाला थांबलो. बायका गाडीतच होत्या. साडभाऊंनी बशीत चहा ओतला. मग एकदम म्हणाले, “साडभाऊ, तुमच्या कॉलनीतल्या बाया गेल्या होत्या न त्या बुधवारी? त्याईले दिसला का वो वाघ?”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी, आईशप्पथ. पण त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, “दिसला.”

“बरं झालं,” साडभाऊ म्हणाले. “कोनाले तरी दिसला.”