तलाव वॉर्डाच्या मेंबर अनुसयाबाई

जलविहार कॉलनीतल्या कुणालाही विचारा, कुठं राहता? उत्तर ठरलेलं, "वर्ध्याला." मीसुद्धा तेच सांगायची. खरं म्हणजे आमचे बासष्ट बंगले सिंदी मेघेच्याही पलीकडे, उमरटाकळीच्या तलावाकाठी होते आणि आमच्यावर राज्य होतं ग्रामपंचायतीचं. पण प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनियर असली माणसं खेड्यात राहतात हे सांगायला जीभ रेटत नसे. लग्नपत्रिकेवर वर्धा, लेटरहेडवर वर्धा, रेशनकार्ड वर्ध्याच्या जुन्या भाड्याच्या घरचं. ग्रामसेवक हरिभाऊ मतदारयादीचे कागद घेऊन दारोदार आले, तेव्हा माझ्या यजमानांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, आमची नावं शहरात आहेत, तिथंच बरी आहेत. हरिभाऊ चहा पिऊन गेले.

या सगळ्या कॉलनीचं धुणं अनुसयाबाईंकडे होतं. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारीचा काचा घट्ट मारलेल्या, पन्नाशीच्या बाई. तलावाच्या पश्चिम अंगाला घाट होता, म्हणजे नुसते ओळीनं मांडलेले दगड. मागच्या वस्तीतली अकरा घरं त्या दगडांवर जगत होती. अनुसयाबाईंना अक्षर येत नव्हतं. प्रत्येक घराच्या कपड्यांवर त्या बिब्ब्याची खूण करत. आमची खूण दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. कुणाकडे पाहुणे किती, कुणाचा मुलगा सुट्टीत आला, कुणाच्या घरी आजारपण आहे, सगळं त्यांना गाठोड्यावरून कळायचं. नऊ वर्षांत माझा एक रुमालसुद्धा हरवला नाही. आणि तरी मी त्यांना अगं-तुगंच करायची. ते "बाई" नंतर लागलं, आणि का लागलं तेच सांगते आहे.

त्र्याऐंशी साली कॉलनीच्या मंडळाच्या मनात आलं की तलाव सुंदर करावा. काठानं तारेचं कुंपण, आत बगीचा, दोन नावा, संध्याकाळी फिरायला फरसबंदी. कल्पना श्रीनिवासरावांची. ते बांधकाम खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शब्द खाली पडू न देणारे गृहस्थ. त्यांच्या नकाशात घाट नव्हताच. तिथं गुलाबाचे वाफे होते.

अनुसयाबाई त्यांच्याकडे बोलायला गेल्या. मी तिथंच होते, नकाशा बघायला जमलेल्या बायकांत. त्यांना व्हरांड्याच्या पायरीवर उभं ठेवलं गेलं. अकरा घरांनी कुठं जायचं, एवढंच त्यांनी विचारलं. श्रीनिवासराव शांतपणे म्हणाले की शहराकडे नदी आहे, नाले आहेत, सोय होईल. ती नदी सहा मैलांवर, हे कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही, याची लाज मला आजही वाटते.

सरपंच रूपराव शेतकरी माणूस, कुणाच्या वाकड्यात न जाणारा. त्यांनी सांगून टाकलं की निवडणूक तोंडावर आहे, तलाव तुमच्या वॉर्डातला, तुमचा मेंबर म्हणेल तसा ठराव करू. झालं, श्रीनिवासरावांनी अर्ज भरला. बासष्ट बंगले, घरटी चार मतं, म्हणजे अडीचशेला दोन कमी. हिशेब इतका सरळ होता की मतदारयादी आणून त्यांनी ती न उघडताच पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी कळलं, अनुसयाबाईंनीही अर्ज भरला. आमच्या भिशीत त्यावर पोटभर हसून झालं.

इकडे अनुसयाबाईंनी काय केलं? पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली होती, तिथं हरिभाऊंना उभं करून त्यांनी तलाव वॉर्डाचं एकेक नाव वाचून घेतलं. नाव आलं की त्या मनातल्या मनात त्या घराची खूण आठवत. वाचून संपलं, तेव्हा बासष्टातल्या पन्नास बंगल्यांच्या खुणा नावाविना शिल्लक राहिल्या. साऱ्या कॉलनीत मतं निघाली सव्वीस. वस्तीची चौऱ्याहत्तर.

दुसरं कुणी असतं तर तोंड शिवून बसलं असतं. ही बाई दुसऱ्या दिवशी धुणं द्यायला आली आणि दारात उभ्या उभ्या मला म्हणाली, "बाई, तुमचं नाव नाई यादीत. सायबाचंही नाई. अजून चार दिस हायेत, घालून घ्या."

मी म्हटलं, अगं, आमची नावं वर्ध्याला आहेत.

"मंग मत कुठं देसान?"

इथंच, म्हटलं, राहतो इथं तर मत इथंच. त्यांनी गाठोडं उचललं आणि पुढच्या घरी गेल्या. तिथंही तेच सांगितलं. साऱ्या कॉलनीला सांगितलं. श्रीनिवासराव त्यांना म्हणाले की यादीबिदी आम्हाला शिकवू नये. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आम्ही शहाणे नव्हतो, नुसते शिकलेले होतो.

मतदानाच्या दिवशी आम्ही दहा वाजता शाळेत पोचलो. स्कूटरी, इस्त्रीच्या साड्या, सेंटचा घमघमाट. इस्त्रीही वस्तीतलीच. टेबलामागच्या मास्तरांनी यादीवरून बोट फिरवलं, उलट फिरवलं आणि मला सांगितलं की नाव नाही. माझ्या मागच्या बाईंचं नाही. त्यांच्या मागच्यांचं नाही. डॉक्टरसाहेब भांडायला उठले, तेव्हा मास्तर थंडपणे म्हणाले की आपलं मत वर्धा नगरपालिकेत आहे, तिथली निवडणूक आली की अवश्य द्यावं. पाऊण तासात सारी कॉलनी शाळेच्या पटांगणात कडुलिंबाखाली उभी होती आणि वस्तीतल्या बाया आमच्यासमोरून रांगेनं आत जाऊन, बोटाला शाई लावून बाहेर येत होत्या.

निकाल लागला. श्रीनिवासरावांना सतरा, अनुसयाबाईंना एकोणऐंशी. वस्तीची एकूण मतंच चौऱ्याहत्तर, तेव्हा कॉलनीतल्या निदान पाच जणांनी तरी मुकाट्यानं त्यांना मत दिलं होतं. ते पाच जण कोण, यावर आमच्याकडे वर्षभर संशय चालला. वस्तीत हलगी वाजली, गुलाल उधळला, आणि मला खरंच आनंद झाला. तो लपवायला मी स्वयंपाकघरात गेले.

आता मेंबर झाल्यावर त्यांनी ठराव नुसता फेटाळायला लावला असता तरी चाललं असतं. त्यांनी रूपरावांना सांगितलं की तलाव साऱ्या गावाचा आहे, गावाला विचारा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा ठरली. कॉलनी पहिल्यांदाच ग्रामसभेला आली. अनुसयाबाई खुर्चीच्या कडेवर टेकून बसल्या होत्या, पाठ ताठ. उठून त्यांनी दोनच गोष्टी मांडल्या. कुंपण नको, घाटाला दगडी पायऱ्या बांधा. आणि कॉलनीची गटारं आजवर तलावात सुटत होती, ती वळवून शोषखड्ड्यात सोडा. दुसरी गोष्ट ऐकून आमच्या ओळीतल्या माना खाली गेल्या. तलावाच्या सौंदर्यावर आम्ही दोन महिने बोललो होतो आणि आमची घाण त्यातच जात होती.

"गुलाबाले आमची ना नाई," त्या म्हणाल्या. "त्या अंगाले लावा. पानी चांगलं राह्यलं तर तेही जगतीन, आमीही जगू."

रूपरावांनी हे मान्य असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. शेतकऱ्यांचे हात गेले, वस्तीचे गेले. माझाही गेला. कधी गेला ते मला कळलं नाही. शेजारी यजमान बघतच राहिले. हरिभाऊ ओळीओळीनं मोजत आमच्यापाशी आले, थांबले आणि फार संकोचून म्हणाले, "पद्माताई, तुमचं नाव यादीत नाही. हात खाली घ्या."

साऱ्या सभेच्या नजरा माझ्याकडे वळल्या. हात खाली येऊ लागला, तेवढ्यात समोरच्या खुर्चीवरून अनुसयाबाईंचा आवाज आला.

"मोजू नोका हरिभाऊ," त्या म्हणाल्या, "पन राहू द्या तो हात."