कमरेपर्यंतचा रंग

आमच्या फुलपाड्यात तळमजल्यावरची घरं कमरेपर्यंतच रंगवतात. पावसाचं पाणी ओसरून भिंती सुकल्या की घरोघर रंगाचे डबे येतात. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "दिवाळीचं काम काढलंय." वरच्या अर्ध्या भिंतीला दिवाळी नसते वाटतं! पण खरं बोललं तर घर विकलं जात नाही. आम्ही घर घेताना मीही विचारलं होतं. आधीच्या बाई म्हणाल्या होत्या, "थोडंसं साचतं, लगेच ओसरतं." पहिल्याच पावसाळ्यात माझी गादी तरंगली.

तेव्हापासून अडकलोय. हे विकल्याशिवाय वरच्या मजल्यावर घर घेता येत नाही, आणि हे कुणी घेत नाही. त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाणी उंबऱ्याला लागलं की चार माणसं येतात आणि त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर नेतात. मागच्या पावसाळ्यात जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. पुन्हा त्यांना या जिन्यावर न्यायचं नाही, असं मी आणि ह्यांनी ठरवलं. घर विकायचं.

पण त्याच्या दोन वर्षं आधी मी एक उद्योग करून ठेवला होता. वॉचमनची रिकामी खोली सोसायटीशी भांडून मागून घेतली होती. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला; मग म्हटलं, घरात शिरणाऱ्या पाण्याचा का शिकवू नये? पाऊस आता एकदम कोसळतो, त्यात भरती असली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं. हे दरवर्षीचंच, असं धरून कसं राहायचं ते आम्ही रविवारी शिकायचो. संडासाच्या भांड्यावर वाळूची गोणी कशी दाबायची, वीज कधी बंद करायची, औषधं कुठे टांगायची. शेजारच्या बिल्डिंगांमधल्या बायकाही यायच्या. सगळे त्या खोलीला पाणीखोली म्हणायचे. तिथे रंग मारायचा नाही, हा माझा नियम. दरवर्षी पाणी जिथवर चढलं तिथे ऑइलपेंटची निळी रेघ आणि खाली साल.

आमचं घर विकायला निघालंय कळल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "काकू, गिऱ्हाईक आलं की तेवढं खोलीला कुलूप लावा." त्यांच्यावर मी केवढी भडकले! आणि घरी येऊन स्वतःच कमरेपर्यंत रंग मारला. खोलीला कुलूपही लावलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

घर बघायला एक तरुण जोडपं आलं. मुलीला सातवा महिना. ती चांगली चौकस होती, खिडक्या उघडून बघत होती. तिला घर आवडलंय हे मला दिसत होतं. मग तिने विचारलं, "मावशी, पाणी भरतं का हो इथे?"

मी उघडी खिडकी लावायला वळले. हेच पुढे होऊन म्हणाले, "थोडंसं साचतं, लगेच ओसरतं."

अगदी तेच शब्द. इतक्यात आतल्या खोलीतून सासूबाई घाबरून ओरडल्या, "अगं, माणसं आली ना? खुर्ची घ्या आधी! पाणी कुठवर आलंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नको, असं ते डोळ्यांनी विनवत होते. मलाही विकायचंच होतं हो! पण त्या पोरीचा हात पोटावर होता. मी किल्ली घेतली.

पाणीखोलीत ती भिंतीला लागून उभी राहिली. मागच्या वर्षीची रेघ तिच्या पोटाच्या बरोबरीने होती. तिने एकदा रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थँक यू मावशी," म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून निघून गेली.

रात्री हे ताटावरून न जेवता उठले. मी सासूबाईंना भात भरवायला गेले.

"गेली ती माणसं?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"मला न उचलताच गेली?" त्या हसल्या. कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या. "म्हणजे आता पाणी येत नाही. सुटलो गं बाई."

मी पुढचा घास कालवला आणि म्हटलं, "हो. सुटलो."