वरची डिस्क, मधली डिस्क

डिस्क माझ्या हातात होती, अजून गरम. मी ती सर्व्हरमधून बाहेर ओढली आणि आतला बझर वाजायला लागला. पाठोपाठ बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "भाऊ, माह्या कॉम्प्युटरवरचं सारं गेलं."

तो आवाज वनमालाताईंचा. सेलू तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये त्या रेकॉर्ड सांभाळत. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी नागपूरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. नोकरीचं दुसरं वर्ष. गाव कारंजा घाडगे, वडिलांचं हायवेवर हार्डवेअरचं दुकान. घरात सर्व्हर म्हणजे काय हे फक्त मला माहीत होतं, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

दोन हजार चार-पाचचा काळ असेल. या हॉस्पिटलचे लोक गावोगाव जाऊन सिकलसेलची तपासणी करत. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांकडे येतो. काही माणसांना स्वतःला त्रास नसतो, पण दोष रक्तात असतो. नवराबायको दोघांतही तो असला, तर मूल आजारी निघण्याचा धोका. म्हणून कोणाचा रिपोर्ट काय, हे जपून ठेवणं फार महत्त्वाचं. हिंगणीपासून जंगलाकडेच्या वस्त्यांपर्यंत हजारो माणसांचे रिपोर्ट त्या एका सर्व्हरवर होते. सुरुवातीच्या वर्षांची कागदी कार्डं कपाटात होती. शेवटच्या दोन वर्षांचं सगळं फक्त कॉम्प्युटरवर.

सर्व्हरमध्ये तीन हार्डडिस्क होत्या, एकाखाली एक. त्यांचा मिळून एक RAID केलेला. हे प्रकरण सोपं आहे. समजा पहिल्या डिस्कवर पाच लिहिलं, दुसरीवर तीन, तर तिसरीवर त्यांची बेरीज आठ लिहून ठेवायची. कुठलीही एक डिस्क मेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा आकडा काढता येतो. काम थांबत नाही. खराब डिस्क चालू मशीनमधून काढायची, नवी घालायची, आणि मशीन हळूहळू गेलेला आकडा तिच्यावर परत लिहितं. त्याला रिबिल्ड म्हणतात. पण दोन डिस्क गेल्या तर एका आकड्यावरून काहीच कळत नाही.

त्या दिवशी एक डिस्क आधीच मेलेली होती. तीच बदलायला मी सकाळच्या एसटीने आलो होतो, नवी डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं होतं: डिस्क १ फेल. मी पहिली, म्हणजे सगळ्यात वरची डिस्क ओढली.

मशीन शून्यापासून मोजतं. वरची डिस्क शून्य, मधली एक, खालची दोन. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, परीक्षेत मी ते बरोबरही लिहिलं होतं. मेलेल्या डिस्कवर पिवळा दिवा असतो, तो बघायला हवा होता. बघितला नाही. स्क्रीनवर आकडा होता ना.

म्हणजे आता दोन डिस्क गेल्या होत्या. एक स्वतःहून, एक माझ्या हाताने.

मी वरची डिस्क परत आत ढकलली. काही झालं नाही. सर्व्हर बंद करून चालू केला. तो म्हणाला, चालू होण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मग मी RAIDच्या सेटिंगमध्ये शिरलो. माझे हात सरावाने चालत होते, आणि सराव होता नव्या कोऱ्या मशीनचा. न्यू कॉन्फिगरेशन, तिन्ही डिस्क सिलेक्ट, एंटर. शेवटी लाल चौकट आली. त्यातला प्रश्न मी प्रत्येक इन्स्टॉलेशनला पाहिला होता आणि प्रत्येक वेळी 'वाय' दाबून पुढे गेलो होतो. बोट 'वाय'वर गेलं.

"भाऊ, थांबा."

वनमालाताई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. चष्मा लावून त्या एकेक शब्द वाचत होत्या.

"ऑल... डेटा... विल बी लॉस्ट. लॉस्ट म्हंजे गेलं ना?"

"हो."

"मंग तुमी यस काऊन दाबून राह्यले?"

मी बोट उचललं. एस्केप दाबून मी बाहेर पडलो आणि म्हणालो, "ताई, मला फोन पाहिजे."

माझे बॉस झाडे सर, नागपूरला. हॉस्पिटलचा फोन ऑफिसात, सर्व्हर चार खोल्या सोडून, आणि मोबाइलला तिथे रेंज नव्हती. मी सरांना झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. लपवण्याइतकं सुचतच नव्हतं.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, "इनिशियलाइज केलं का? डिस्क कोऱ्या केल्या का?"

"नाही सर. इथल्या ताईंनी थांबवलं."

"मग डेटा जिवंत आहे. आता स्क्रीनवर काय आहे?"

"डिस्क एक आणि दोन..."

"तू बोलू नको. तू फोनजवळ बस. त्या ताईंना स्क्रीन वाचायला पाठव. तू जे दिसायला पाहिजे ते वाचून राह्यला. त्या जे दिसते ते वाचतील."

ताई वही-पेन घेऊन गेल्या. तीन मिनिटांनी आल्या आणि फोन हातात घेतला. मी बाजूच्या स्टुलावर.

"नमस्कार सर. झिरोपुढे एफ-ए-आय-एल. एकपुढे एफ-ए-आय-एल. दोनपुढे ऑनलाइन."

"शाब्बास. आता मला सांगा, आधी कुठली खराब झाली होती?"

"मधली. सोमवारी तिच्यावर पिवळा लाइट लागला. म्या वहीत लिहून ठेवलं आहे."

"नक्की मधली?"

"वरची चांगली हिरवी होती. आज भाऊनं काढली तवापर्यंत."

मी जमिनीकडे बघत बसलो.

"ती काढल्यावर कोणी कॉम्प्युटरवर काही भरलं का?"

"कसं भरतील, सर? सारं बंदच पडलं."

मग सरांनी मला फोन द्यायला सांगितला. म्हणाले, वरची डिस्क खराब नाही. ती बाहेर गेली म्हणून मशीन तिच्यावर रुसलं आहे. तिच्यावर सगळं आहे तसंच आहे. तिला फोर्स ऑनलाइन कर, म्हणजे जबरदस्तीने परत कामावर घे. मधलीला ते चुकूनही करू नको. तिच्यावर सोमवारचा जुना माल आहे, दोन्ही मिसळले तर खिचडी होईल. "आणि एंटर दाबायच्या आधी प्रत्येक ओळ ताईंकडून वाचून घे."

आम्ही दोघं सर्व्हरसमोर बसलो. मी बाण हलवत होतो, ताई वाचत होत्या. "डिस्क झिरो. फोर्स ऑनलाइन. यस ऑर नो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तेच ना, जे सरांनी सांगितलं?"

"तेच."

"मंग दाबा."

सर्व्हर चालू झाला. लॉगिनची स्क्रीन आली. ताई पळतच बाहेर गेल्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर नावांची यादी उघडली. मी खुर्चीत बसून राहिलो. मला पाणी कोणी आणून दिलं, आठवत नाही.

बाहेर बाकावर सकाळपासून हिंगणीकडचं एक जोडपं बसलं होतं. बायकोला तिसरा महिना होता. दोघांची तपासणी गावातल्या कॅम्पमध्ये दोन वर्षांपूर्वी, लग्नाआधी झाली होती, पण चिठ्ठ्या हरवलेल्या. ताईंनी दोघांची नावं शोधली आणि कागद हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे नेला. मॅडमनी नवऱ्याला सांगितलं, "दोष तुमच्यात आहे, हिच्यात नाही. बाळाला हा आजार होणार नाही. पण मोठं झालं की त्याचीही तपासणी करून घ्या." त्या माणसाने दोनदा विचारलं, "नाई होणार ना?" मॅडमनी दोनदा सांगितलं. मग ते दोघं बस पकडायला गेले. त्यांना माझं काही माहीत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

काम अजून संपलं नव्हतं. मधली डिस्क काढून नवी घातली, या वेळी ताईंनी बोट ठेवून दाखवली ती. रिबिल्डला तीन तास लागणार होते आणि बारा वाजता लोडशेडिंग. यूपीएस जेमतेम अर्धा तास टिकणारा. मी डॉक्टर मॅडमकडे गेलो आणि त्यांना आधी सगळं खरं सांगितलं. वरची डिस्क मी काढली, चूक माझी.

त्या म्हणाल्या, "आज ऑपरेशन नाही. जनरेटर तुम्ही घ्या. वॉर्डातले पंखे बंद राहतील, तेवढं मी बघते."

एप्रिलचा महिना होता. वॉर्डात लोक तीन तास पुठ्ठ्याने वारा घेत बसले. मी सर्व्हरसमोर टक्के मोजत होतो. ताईंनी मला त्यांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खायला लावला. म्हणाल्या, "खाऊन घ्या. ते काही तुमी पाहून लवकर होत नाई." तीनच्या सुमाराला शंभर टक्के झालं. तिन्ही दिवे हिरवे.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये 'आढळलेला दोष' असा रकाना असतो. मी लिहिलं: एक डिस्क खराब, दुसरी इंजिनियरने चुकून काढली. ताईंनी सही केली. दुसऱ्या दिवशी झाडे सरांनी तो वाचला आणि फाइलला लावला. "पुढच्या आठवड्यात परत जा," ते म्हणाले. "त्यांचा बॅकअपचा टेप ड्राइव्ह सहा महिने बंद आहे. तो आधी पाहायचा होता." मी गेलो आणि तो सुरू करून आलो. आता रोज सगळ्या रिपोर्टांची एक नक्कल टेपवर उतरायला लागली.

नंतर मी मोठी मशीनं सांभाळली, हाताखाली माणसं आली. त्या दिवशी तीन माणसं माझ्यावर ओरडू शकली असती आणि तिघंही कामाचं बोलली. नोकरी राहिली, आणि खरं सांगायची सवय राहिली, ती त्यांच्यामुळे. माझ्या टीमला मी एक नियम लावला आहे. डेटा पुसणारा प्रश्न स्क्रीनवर आला, की तो शेजारच्या माणसाने मोठ्याने वाचायचा. शेजारी वॉचमन असला तरी चालेल.

RAID डिस्क बिघडण्यापासून वाचवतो. इंजिनियरपासून वाचवायची सोय त्यात अजून कोणी केलेली नाही.